मेणाचे सात कण

१३ एप्रिल, रविवार

त्याची पेटी लवूकाकांकडे आली आहे.

सकाळी लवूकाका परळला आमच्या चाळीपाशी आले, पण वर आले नाहीत. जिन्याखालून फोन केला. "गो बाय, जरा खाली ये. बापाशीक सांगू नको."

खाली गेले. "हर्षवर्धन देवस्थळीची पेटी इली हा," ते म्हणाले. "चार मेक गिरगावात त्याचो कार्यक्रम. सगळे सूर लावून व्हये. आणि माझे हात बघतंस मा?" त्यांनी हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "वर्षभर तूच करतंस सगळा. ह्या पण कर. माझ्या नावान जाताला, त्याका कळाचा नाय."

"विचार करून सांगते," मी म्हटलं. विचार करायचा नव्हता. लगेच हो म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता.

रागात तपशील बदलत जातात. मला ते बदलू द्यायचे नाहीत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. बाबा, दत्ताराम मेस्त्री, एकेचाळीस वर्षं चिंचपोकळीच्या कारखान्यात पेट्या बांधत आणि सूर लावत होते. लवूकाका त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि नंतर त्यांनी शेजारच्या गल्लीत आपलं दुकान थाटलं. दोन वर्षांपूर्वी १२ मार्चला दादरच्या एका सभागृहात बाबांनी केलेली नवी पेटी घेऊन देवस्थळी वाजवायला बसला. दहा मिनिटं वाजवून थांबला आणि माईकमध्ये म्हणाला, "वरचं सप्तक चढलंय. पेटी दत्ताराम मेस्त्रींची आहे. हात अजून तोच आहे, पण कान राहिला नाही. माफ करा." मग दुसरी पेटी मागवली.

बाबा चौथ्या रांगेत होते. मी त्यांच्या शेजारी. "काय म्हणाला गो?" त्यांनी विचारलं. मला ते पुन्हा सांगावं लागलं.

सहा महिन्यांत कारखान्यात येणारं माणूस थांबलं. आता तिथे कुरिअरवाल्याची खोकी असतात. बाबा खिडकीत बसतात.

हेही लिहायला हवं: त्या आधीच्या महिन्यात देवस्थळी तीनदा कारखान्यात येऊन गेला होता. तिन्ही वेळा चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, काही न सांगता उठला. हेरायला आला असणार.


१५ एप्रिल, मंगळवार

लवूकाकांना हो कळवलं.

ऑफिसात आज एका पंपाचं बिघडत चाललेलं बेअरिंग पकडलं. अजून महिनाभर तरी कोणाला कळलं नसतं. साहेबांनी विचारलं, "अनुजा, तुला कसं कळतं?" म्हटलं, मी कंपनं मोजते. लोक ऐकतात, आणि ऐकण्यात इच्छा मिसळते.

घरी आले तर बाबा दाराच्या घंटीवर चिडलेले. बिघडली आहे म्हणे, गॅसवाला वाजवून वाजवून परत गेला. नवी बसवली. जुनी मोजून पाहिली, तिच्यात काहीच दोष नव्हता. तरी बसवली. त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं आहे.


१९ एप्रिल, शनिवार

पेटी उघडली. चांगली आहे, पुण्याच्या बाजूची बांधणी, सागवान. एकेरी सुरांची आहे, म्हणजे एका पट्टीखाली एकच पितळी जीभ. दुहेरीत एकीची चूक दुसरी थोडीफार झाकते. इथे झाकायला कोणी नाही.

ज्याला लोक सूर म्हणतात तो आवाज असतो. कारागीर ज्याला सूर म्हणतात ती वस्तू असते. पितळेची पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटनं जडलेली, खाली तिच्याच मापाची फट. भात्यातली हवा त्या फटीतून निघायला बघते, जीभ मध्ये येते, मागे जाते, पुन्हा येते. हवेचे तुकडे होतात. सेकंदाला किती तुकडे, यावर सूर उंच की खाली ते ठरतं. पट्टी दाबणारा फक्त दार उघडतो.

जीभ लांब आणि जड असेल तर सावकाश हलते, सूर खाली. आखूड आणि हलकी असेल तर वर. टोकाला घासलं की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. मुळाशी घासलं की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. हे मला बाबांनी आठव्या वर्षी शिकवलं, पोह्यांची ताटली मांडीवर असताना. "टोकाक चढता, मुळाक उतरता. ह्या इसारलंस तर जेवण नाय."

आज भाता चालवताना एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. तंबोरा बैठकीत पुन्हा लावता येतो. तबलजी गजऱ्यावर हातोडी मारून वाद्य वर आणतो. बासरीवाला फुंक बदलून सावरून घेतो. पेटीवाल्याला यातलं काहीच करता येत नाही. दुसऱ्यानं बंद खोलीत जे घासून ठेवलं असेल तेच त्याला चारचौघांत वाजवावं लागतं.

तो पूर्णपणे माझ्या हातात आहे. हे वाक्य लिहिताना हात स्थिर होता.


२० एप्रिल, रविवार

घरातली पेटी मोजली. म्हणजे दादरच्या सभेतली तीच पेटी. दुसऱ्या दिवशी त्यानं ती माणसाकरवी परत पाठवली होती, तेव्हापासून कपाटावर चादरीत आहे.

खालचं आणि मधलं सप्तक निर्दोष. वरच्या सप्तकाचे सात सूर, सा पासून नी पर्यंत: +११, +१३, +१४, +१४, +१५, +१५, +१६ सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट. सामान्य माणसाला चौदा सेंट कळणार नाहीत, नुसतं अस्वस्थ वाटेल. तयार कानाला दाताखाली खडा यावा तसं होईल.

म्हणजे परत पाठवण्यापूर्वी त्यानं कोणाकडून तरी सूर घासून घेतले. पुरावा तयार करून ठेवला. जिभांची टोकं भिंगाखाली पाहिली. घासल्याचे ओरखडे तिरके, उजवीकडून डावीकडे, अगदी बाबांच्या हातासारखे. नक्कल करणारा कसलेला होता.

संध्याकाळपर्यंत सातही सूर जागेवर आणले.

शिक्षा काय द्यायची तेही ठरलं. त्यानं बाबांवर जो दोष लावला तोच: वरचं सप्तक, सात सूर, सरासरी चौदा सेंट चढे. तोच आरोप, त्याच्याच हाताखाली, भर सभेत.


२४ एप्रिल, गुरुवार

सरळ चढवून दिले तर तो घरी वाजवताच ओळखेल. सूर घरी बरोबर हवेत आणि सभेत चुकायला हवेत.

उपाय साधा आहे. जिभेचं टोक घासून सूर चौदा सेंट चढवायचा. मग टोकावर मेणाचा कण लावून तेवढाच उतरवायचा. मेण आहे तोवर सूर शुद्ध. मेण मऊ पडून जीभ जोरात हलली की कण उडणार, आणि सूर चढणार.

मेणात खोबरेल मिसळून चार प्रमाणं करून पाहिली. खोक्यात बल्ब लावला, थर्मामीटर ठेवला, जुन्या सुरांवर कण लावून भाता चालवला. तिसरं प्रमाण हवं तसं निघालं. अठ्ठावीस अंशांना तीन तास टिकतं. पस्तीस अंशांना वीस मिनिटांच्या आसपास सुटतं.

देवस्थळी शिवाजी पार्कला राहतो आणि एसीत रियाज करतो. गिरगावातलं ते सभागृह शाळेचं आहे, एसी नाही. शिवाय पंख्यानं पेटीचा आवाज थरथरतो म्हणून वाजवताना पंखे बंद ठेवायला लावतो, असं लवूकाका हसत सांगत होते. मे महिना, पाचशे माणसं, पंखे बंद.

लवूकाकांकडे बाबांसाठी निमंत्रण आलंय. पहिल्या रांगेची दोन आसनं. खाली हातानं लिहिलंय, "मेस्त्री, याल तर बरं वाटेल. ह. दे."

जखमेवर मीठ चोळायचं तर तेही कसं, सुवाच्य अक्षरात.


२७ एप्रिल, रविवार

बाबांनी आज आपणहून पेटी खाली काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, सगळं फुकट गेलं तरी चालेल, एवढं पुरे.

भाता धरला. खालचं वाजवलं, मधलं वाजवलं, चेहरा खुलला. वर गेले आणि थांबले.

"वरचा उतरलाहा गो."

"नाही बाबा. मी मोजलंय. शून्यावर आहे."

"तुझा मशीन काय म्हणता माका ठावक नाय. उतरलाहा." पुन्हा दाबलं, कान पेटीजवळ नेला, पुन्हा दाबलं. मग चादर ओढली.

आई भाजी निवडत होती. उठली, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चाय घेतास?" हल्ली ती त्यांच्याशी बोलायचं तर आधी समोर जाऊन उभी राहते, आणि आवाजही चढलेला असतो. इतक्या वर्षांच्या संसाराचा कंटाळा असेल.

देवस्थळीनं नुसतं नाव हिरावलं नाही. बाबांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास काढून घेतला. शून्यावर असलेला सूर त्यांना उतरलेला वाटतो, इतका.

चौदा कमी आहेत का, असा विचार आला. पण आरोपाएवढीच शिक्षा हवी. पंधरा केले तर मी त्याच्यासारखी होईन.


१ मे, गुरुवार

सुट्टी. सात तास काम केलं. सात सूर, सात कण, प्रत्येक मोहरीच्या निम्म्याएवढा. मेणासकट सगळे शून्यावर. इतकं शुद्ध काम मी आजवर केलं नव्हतं.

लवूकाकांनी वाजवून पाहिली. डोळे मिटून बसले. "दत्तारामाच्या चांगल्या दिवसांतली आठवण झाली गो," म्हणाले.

मी सुटे स्क्रू डबीत भरत राहिले.


४ मे, रविवार, सकाळ

बाबा येतो म्हणाले. आईनं पांढरा सदरा इस्त्री केला. मी त्यांना "एकदा ऐका तर" एवढंच म्हटलं होतं. तो बसलेला असताना ते समोर असायला हवेत. साक्षीदार नसेल तर शिक्षेला काय अर्थ?

हवामान: कमाल चौतीस. सभागृहात दोन अंश जास्त धरते.


५ मे, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते.

पहिल्या रांगेत बसलो. देवस्थळी आला, बाबांना पाहिलं आणि बसल्या जागेवरून वाकून नमस्कार केला. बाबांनी मान हलवली. पंखे बंद झाले. मोबाईल मी मांडीवर ठेवला होता, सूर मोजणारं ॲप चालू करून.

सोळा मिनिटं त्यानं सुंदर वाजवलं. तेही लिहायला हवं. वरचं सप्तक इतकं नितळ होतं की मागचा एक म्हातारा सारखा "वा, वा" करत होता. ते माझं काम होतं.

सतराव्या मिनिटाला वरचा पंचम सुटला. मोबाईलच्या पडद्यावर +१४. त्याच्या भुवईत एक रेघ उमटली आणि गेली. मग गंधार. मग एकामागून एक. तो वर जायचा आणि पट्टी जळत असल्यासारखा हात काढून घ्यायचा. खालच्या षड्जाशी वरचा षड्ज भांडायला लागला. गिरगावातले श्रोते जुने आहेत. पाय हलायला लागले, कोणी खोकलं, एक बाई नवऱ्याकडे वळून काही म्हणाली.

मला आनंद झाला. दोन वर्षांत इतका झाला नव्हता. तोही लिहून ठेवते.

पंचविसाव्या मिनिटाला तो वरच्या षड्जावर आला, तो धरून ठेवला, जणू खात्री करून घेत होता, आणि मग भाता सोडला. सभागृह गप्प झालं.

त्या शांततेत बाबा बोलले. डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर हसू. त्यांना वाटलं असेल आपण पुटपुटतोय. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हां! आता लागलो बघ वरचो सूर! शेवटी लागलो!"

मागे कोणीतरी हसलं. मग एक पुरुषी आवाज, दबका, पण मला स्वच्छ ऐकू आलेला: "मेस्त्रीच ना ते? म्हणजे त्या वेळी देवस्थळी खरं तेच बोलला होता तर."

मी पडद्याकडे पाहिलं. +१४.

+११, +१३, +१४, +१४. तिरके ओरखडे, उजवीकडून डावीकडे. कोणी नक्कल केली नव्हती.

देवस्थळीचा हात माईककडे गेला. आता तो बोलणार होता, आणि बोलायला त्याच्याकडे सगळं होतं. पाचशे माणसं वाट बघत होती. त्यानं माईक बाजूला वळवला, पुढे झुकला आणि बाबांना म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही आलात, बरं वाटलं."

बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त हसून हात वर केला.

पुढची पन्नास मिनिटं त्यानं वरच्या सप्तकाला हात लावला नाही. खर्जात आणि मधल्यात वाजवत राहिला. पेटी अर्धी बंद करून कोणी इतकं वाजवू शकेल असं मला वाटलं नव्हतं. लोक शेवटी उभे राहिले.

बसस्टॉपवर बाबा खुशीत होते. "माणूस वाईट नाय गो," म्हणाले. "त्या दिवशी त्याचोच कान बरो नसतलो."


७ मे, बुधवार

लवूकाकांनी दुकानात बोलावलं. स्टुलावर कागदाची पुडी होती. उघडली. मेणाचे सात कण.

"देवस्थळी सोताच पेटी घेऊन इलो होतो," लवूकाका म्हणाले. "पेटी उघडल्यान, तळाक ह्ये गावले. माका म्हणता, 'लवू, चूक इतकी सारखी नसते. सातही सूर नेमके तेवढेच चढलेत. हे तुझ्या हाताचं काम नाही.' मगे म्हणता, 'ज्याचं आहे त्याच्याकडूनच पुन्हा लावून हवी.' आणि गेलो."

"चिडले होते?"

"नाय. चाय पिलो."

तू असं का केलंस हे त्यांनी विचारलं नाही.

"बाबांच्या कानाचं तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"चार वर्षां झाली. तुझ्या आयशीक पण ठावक."

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

लवूकाका खरंच गोंधळले. "तू मोजतंस ना गो," म्हणाले. "आमका वाटला, तुका सगळ्यांच्या आधी कळला असतला."


११ मे, रविवार

देवस्थळीची पेटी सकाळी पुरी केली. सात जिभा मुळाशी घासून चौदा सेंट उतरवल्या. मेण नाही, काही नाही. सोबत चिठ्ठी ठेवावी असं वाटलं होतं. दोन लिहून फाडल्या. पेटीच्या आत, झाकणाच्या मागे, जिथे कारागीर नाव घालतात तिथे पेन्सिलीनं "अ. द. मेस्त्री" लिहिलं. उघडेल तेव्हा वाचेल.

त्याला मी माफ केलेलं नाही. तो खरं बोलला, पण माईकमध्ये बोलला. तीनदा चहा प्यायला आला होता, तेव्हा बोलायचं होतं. आणि मी? मी तर माईकसुद्धा वापरला नाही. बाबांच्याच तोंडून वदवून घेतलं.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बुधवारची, परळलाच. आईला सांगितलं. ती म्हणाली, "जातले काय ते?" आणि पदरानं हात पुसत राहिली.

दुपारी बाबांनी पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. "त्या दिवशी गिरगावात होती तशी लाव गो आपली. वरचा नीट कर."

वही उघडून २० एप्रिलचं पान काढलं. तेव्हा मुळाशी घासून उतरवलेल्या आपल्या पेटीच्या त्याच सात जिभा टोकाशी घासायला घेतल्या, तिरक्या, उजवीकडून डावीकडे. +११, +१३, +१४, +१४, +१५, +१५, +१६. होते तिथे सगळे परत आणले. चुकीचा सूर इतका काळजीपूर्वक मी कधी लावला नव्हता.

बाबांनी वाजवायला घेतली. खालून वर गेले आणि वरच्या षड्जावर थांबले. मला तो दाताखालच्या खड्यासारखा लागला. त्यांनी डोळे मिटले.

"कान आसा तुका," ते म्हणाले.

मी उठले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "तुमचाच आहे, बाबा."